पांढऱ्या पावडरचा डबा आणि आमच्या घरचे दोन पॅटर्न

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. दोन दिवसांपासून झड लागलेली. माय आणि मी दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करून संध्याकाळी घरी आलो, तर बाबू खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. आदल्या दिवशी तोही आमच्यासोबत पऱ्ह्यांच्या पेंढ्या वाहायला आला होता. नको म्हटलं तरी आला आणि दिवसभर भिजला. "ताई, मांड्या फुटून राहिल्या व," एवढंच बोलला आणि वाकळीचा कोपरा दातात धरला.

बाबू माझा धाकटा भाऊ. सिकलसेलचा एसएस पॅटर्न. माझा एएस. पूर्व विदर्भातल्या आमच्या ब्रह्मपुरीकडे एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. एएस म्हणजे वाहक, आजार नाही. एसएस म्हणजे आजार. आईवडील दोघंही एएस असले तर दर बाळंतपणात चारातली एक शक्यता एसएसची. आमच्या घरी तेच झालं.

मायनं तव्यावर मीठ तापवलं, फडक्यात बांधलं आणि त्याच्या मांड्या शेकत बसली. फडकं निवलं की पुन्हा तव्यावर. तीन-चार वेळा हे झालं. बाबू रडत नाही, ओरडत नाही. त्याच्या पायाची बोटं आत वळतात, त्यावरून आम्हाला कळतं किती दुखतंय ते. रात्री एक वाजता शेजारच्या भाऊंनी मोटरसायकल काढली. बाबूला मधे बसवलं, मी मागून धरलं आणि वरून ताडपत्रीचा तुकडा पांघरला. दवाखान्यात सलाईन लागलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. ड्यूटीवरच्या मॅडमनी विचारलं, "हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे ना?"

मी पटकन म्हटलं, "हो."

बाबूनं डोळे मिटूनच सांगितलं, "नाही जी. तीन हप्ते झाले."

तेव्हा मला समजलं. हायड्रॉक्सीयुरिया म्हणजे सिकलसेलची रोजची कॅप्सूल. ती बंद झाली त्याला कारण मी आणलेला ग्लुटामाइन नावाच्या पांढऱ्या पावडरचा एक डबा होता. हे सगळं मी त्या डब्यासाठीच लिहीत आहे. तसे डबे आता आमच्या गावात घरोघरी दिसायला लागले आहेत.

गोष्ट २०२२ ची. मी पोलीस भरतीची तयारी करत होते. आमच्यात मुलींना ८०० मीटर धावणं, १०० मीटर आणि गोळाफेक असते. पहाटे साडेचारला आम्ही सात-आठ पोरी शाळेच्या मैदानावर जमायचो. डांबरी रस्त्यावर एकटं धावायची सोय आमच्याकडे राहिली नाही. अंधारात ट्रक असतात आणि वाघही असतो. ८०० मीटरला माझी वेळ ३ मिनिटं ४ सेकंदांवर अडकली होती. महिनाभर तिथंच. तालुक्याच्या एका जिममध्ये आठवड्यातून दोन दिवस जायचे. तिथल्या सरांनी सांगितलं, रिकव्हरी कमी पडते, ग्लुटामाइन घे. २५० ग्रॅमचा डबा, ९५० रुपये. धावल्यावर एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, पाण्यात टाकून प्यायचं. रंग नाही, वास नाही, चव जवळपास नाहीच.

पैसे मायनं दिले. तेंदूपत्त्याचे होते.

बोलता बोलता मी त्या सरांना बाबूबद्दल सांगितलं. ते म्हणाले, अरे, मग त्यालाही दे, अशक्तपणा जाईल, रक्त सुधरेल, त्या गरम कॅप्सूल कशाला खाता, हे तर नैसर्गिक आहे. घरी येऊन मी हे सगळं जसंच्या तसं बाबूला सांगितलं. माझा त्यावर विश्वासही बसला होता. बाबू तेव्हा सोळा वर्षांचा, वजन ४१ किलो, रोजच्या कॅप्सूलला कंटाळलेला. दर काही दिवसांनी रक्त तपासायला जा, तिथं रांगेत उभा राहा. त्याला सुटका हवी होती, आणि ती मी त्याच्या हातात आणून दिली. सकाळी तो माझ्यासोबत अर्धा चमचा घ्यायचा आणि कॅप्सूल तशीच पाकिटात राहायची. मला हे माहीत नव्हतं, पण मी पाहिलंही नव्हतं.

त्या रात्रीनंतर पाचव्या दिवशी मी डबा पिशवीत घालून सिकलसेलच्या ओपीडीत गेले. शिव्या पडतील असं वाटलं होतं. डॉक्टरांनी डबा हातात घेऊन मागचं लेबल वाचलं आणि म्हणाले, "बस. याची गोष्ट तुला वाटते तशी पूर्ण खोटी नाही." मग त्यांनी जे सांगितलं, त्यावर मी नंतर बरंच वाचलं.

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. आपल्या शरीरातली प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यातली नऊ शरीर बनवू शकत नाही, ती जेवणातूनच यावी लागतात. ग्लुटामाइन त्या नऊंत नाही. ते शरीर स्वतः बनवतं, मुख्यतः स्नायूंत, आणि रक्तात सर्वांत जास्त मोकळं फिरणारं अमिनो आम्ल तेच. आतड्याच्या अस्तराच्या पेशी ते इंधनासारखं वापरतात. म्हणून तोंडानं घेतलेल्या ग्लुटामाइनचा मोठा हिस्सा आतडं आणि यकृतच वापरून टाकतं, मांडीच्या स्नायूपर्यंत फार थोडं पोचतं. माझ्या ९५० रुपयांचं काय झालं ते एवढ्यावरूनच कळावं.

आणि सिकलसेल हा आजारच मुळात एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीचा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं एका ओळीत असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथं व्हॅलिन येऊन बसतं. १४६ रोपांची ओळ रोवली आणि सहाव्या जागी दुसऱ्याच वाणाचं रोप लागलं, तसं. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५०च्या दशकात हे दाखवलं. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतं, लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. बाबूच्या मांडीत त्या रात्री हेच चाललं होतं. ग्लुटामिक आम्ल आणि ग्लुटामाइन नावानं जवळचे, म्हणून काही लोक सांगतात की ग्लुटामाइन खाल्लं की ती चुकलेली जागा भरते. तसं होत नाही. ती चूक जनुकात लिहिलेली आहे. चमच्यानं ती पुसता येत नाही.

मग उपयोग कशाचा? वाकड्या पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण फार असतो. तो झेलायला पेशीला एनएडी नावाचा रेणू लागतो आणि तो बनवायला ग्लुटामाइन लागतं. त्यासाठी सिकलपेशी नेहमीपेक्षा जास्त ग्लुटामाइन ओढून घेतात. या विचारावर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, २०१८ मध्ये ती छापून आली. पाच वर्षांवरचे २३० रुग्ण, ४८ आठवडे. काहींना औषधी दर्जाचं ग्लुटामाइन, काहींना नुसतीच दिसायला तशी पावडर. ग्लुटामाइन घेणाऱ्यांना त्या काळात दुखण्याचे झटके मध्यकानं, म्हणजे रांगेत मधोमध येणाऱ्या रुग्णाला, तीन आले, दुसऱ्यांना चार. भरती व्हायची वेळ दोनदा, दुसऱ्यांना तीनदा. मधेच सोडून गेलेले रुग्णही बरेच होते. याच चाचणीवरून अमेरिकेच्या औषध नियामकानं जुलै २०१७ मध्ये पाच वर्षांवरच्या सिकलसेल रुग्णांसाठी ग्लुटामाइनला औषध म्हणून मान्यता दिली होती.

चारचे तीन. ज्यानं एक झटका जवळून पाहिला आहे, त्याला तो एक कमी होणं म्हणजे काय ते विचारा. मी याला लहान म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी लगेच पुढचं सांगितलं, आणि तेच मला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं: त्या चाचणीतले जवळपास दोन तृतीयांश रुग्ण हायड्रॉक्सीयुरिया घेतच होते. ग्लुटामाइन त्यावर भर म्हणून दिलं होतं, त्याच्या जागी नाही. हायड्रॉक्सीयुरियामुळे शरीरात गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं, आणि ते पेशींना वाकू देत नाही. त्याचा असर यायला आठवडे-महिने लागतात. बाबूनं कॅप्सूल सोडली, त्यात पावसात भिजला, त्यात रोवण्याच्या धावपळीत पाणी कमी प्यायला. तिन्ही गोष्टी एकावर एक आल्या.

दुसरं, मात्रा. औषध म्हणून ते वजनावर देतात. ३० ते ६५ किलोच्या माणसाला १० ग्रॅम, दिवसातून दोनदा. बाबू त्यात बसतो. म्हणजे रोजचे २० ग्रॅम, आणि माझा २५० ग्रॅमचा डबा बारा दिवसांत खलास. ४८ आठवडे द्यायचं म्हटलं तर सत्तावीस डबे, साडेपंचवीस हजारांच्या वर. रोवण्याची मजुरी दिवसाला २५० धरली तर मायचे शंभरावर दिवस. रोवणा तर महिनाभरच चालतो. आणि हा हिशेब जिमच्या डब्याचा, ज्यात आत नेमकं काय आहे याची खात्री मला देता येत नाही. अर्धा चमचा पिऊन बाबूला काय मिळत असेल, ते वेगळं सांगायला नको.

तिसरं सांगताना डॉक्टर जरा कडक झाले. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडावर परिणाम होतो, आणि मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर हे न विचारता द्यायचं नाही. जे शरीरात आपोआप बनतं त्यानं काय नुकसान होणार, असं वाटतं. पण २०१३ मध्ये एक चाचणी छापली गेली, अतिदक्षता विभागातल्या बाराशेवर गंभीर रुग्णांची, ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी होत होते. त्यात ग्लुटामाइन दिलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. तेव्हापासून "नैसर्गिक आहे" हे वाक्य कोणी म्हटलं की मी थांबते आणि विचारते, कोणाला द्यायचं आहे?

आता माझ्या पायांचं.

मी सहा आठवडे तो चमचा घेतला. माझ्याकडे वही आहे, रोजची वेळ लिहिलेली. सुरुवातीला ३:०४, शेवटी ३:०३. खेळाडूंवरच्या चाचण्या वाचल्या तर असंच दिसतं. निरोगी माणसानं व्यायामासोबत ग्लुटामाइन घेतल्यानं ताकद किंवा स्नायू वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही. त्याचं नाव खेळात गाजलं ते वेगळ्या कारणानं. मॅरेथॉनसारखी लांब दौड झाली की रक्तातलं ग्लुटामाइन काही तास खाली जातं, आणि धावपटूंना त्याच दिवसांत सर्दी-खोकला होतो. १९९६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी धावपटूंना दौडीनंतर ग्लुटामाइन दिलं. पुढच्या आठवड्यात त्यातले ८१ टक्के आजारी पडले नाहीत, न घेतलेल्यांत ४९ टक्के. आकडा मोठा वाटतो. पण नंतरच्या प्रयोगांत रक्तातलं ग्लुटामाइन पडू दिलं नाही तरी प्रतिकारशक्ती मोजायचे आकडे घसरायचे ते घसरलेच. आणि आमची दौड ८०० मीटरची. तीन मिनिटांत संपते.

माझी वेळ खरंच कमी झाली ती पुढच्या हिवाळ्यात. दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक, जेवण. आमच्याकडे भात भरपूर आणि वरण पातळ. वरणाचं पाणी ताटभर पसरतं, डाळ तळाशी राहते आणि ती बाबांच्या ताटात जाते. भरतीची तयारी करणाऱ्या पोरीही तेच जेवतात. निरोगी बसून-उठून काम करणाऱ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं असं आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात आहे. मेहनत करणाऱ्या खेळाडूला दीडपट ते दुप्पट लागतं. मी ५० किलोची. माझ्या ताटात किती येतं हे एक दिवस मोजलं, तर ३५ ग्रॅमसुद्धा भरलं नाही. डाळीत आणि भातात मिळून नऊही अमिनो आम्लं येतात, भातात जे कमी ते डाळीत असतं. अट एकच, डाळ डाळीसारखी खायला हवी. मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मग सांगायचं न व आधी." तेव्हापासून वरण घट्ट असतं, दोन अंडी असतात, आणि बाजाराच्या दिवशी झिंगे.

दुसरी गोष्ट, धावताना पाणी आणि विश्रांती. ती मला कोणी शिकवली नव्हती, ती अंगावर आली. मे महिना, सकाळचे साडेआठ वाजलेले. ब्रह्मपुरीचा पारा त्या दिवसांत ४६ च्या वर जातो. सर म्हणाले, २०० मीटरचे दहा, मधे थांबायचं नाही. सातव्याला माझ्या मांड्यांतला जोर गेला. गोळा आला नाही, कळ आली नाही, नुसते पाय लुळे झाले आणि मी बसले. सर म्हणाले, नाटक करू नको, ऊठ. मी उठायचा प्रयत्न केला. सोबतच्या एका पोरीनं माझी बाटली आणून अर्धी डोक्यावर ओतली आणि अर्धी पाजली, म्हणून पुढचं टळलं.

एएस असलेला माणूस धावू शकतो, खेळू शकतो. पण जास्त मेहनत, उन्हाळा, अंगात पाणी कमी आणि विश्रांतीशिवाय लागोपाठ स्प्रिंट हे एकत्र आलं की त्याच्याही पेशी वाकू शकतात आणि स्नायू मोडायला लागू शकतात. खूण लक्षात ठेवा: उष्णतेच्या गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस कळवळतो. यात स्नायू मऊच असतो, माणूस शुद्धीवर असतो, फक्त पाय चालत नाहीत. म्हणूनच लोकांना ते नाटक वाटतं. अमेरिकेच्या सैन्यातल्या जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. वाहक असल्यानं मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही, पण मेहनतीनं स्नायू मोडण्याचा धोका साधारण दीडपट निघाला. सैन्यात पाणी आणि विश्रांतीचे नियम पाळतात, तिथं ही गत. आमच्या मैदानावर तर पाण्याचा एक कॅनही नव्हता.

जिममध्ये मला वजन विचारलं, उंची विचारली, फी विचारली. पॅटर्न कोणी विचारला नाही. पूर्व विदर्भात, जिथं दर गावात एएस निघतात, तिथं पोरांच्या हातात डबे देणारे आणि पोरांना उन्हात पळवणारे हा एक प्रश्न विचारत नाहीत, याचा मला अजून राग येतो. तपासणी फुकट आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्ताचा थेंब घेतात, सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली की पुढची तपासणी करून एएस की एसएस ते सांगतात. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासायचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं होतं.

मी भरतीत निघाले नाही, लेखीत राहिले. आता मीच सकाळी मैदानावर पोरी घेते. चौदा आहेत. वहीत नावापुढे वय, वजन, आणि पॅटर्नचा रकाना. तो रिकामा असेल तोवर मी स्प्रिंट देत नाही. बाबू एकोणीसचा झाला. कॅप्सूल रोज घेतो, माझ्यासमोर. ग्लुटामाइनबद्दल त्यानं स्वतः डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आधी सहा महिने एकही दिवस न चुकवता हायड्रॉक्सीयुरिया घेऊन दाखव, मग बोलू. पाच महिने झालेत. तो सकाळी मैदानावर येतो, थंडी असली तर मफलर गुंडाळून. त्याच्याकडे स्टॉपवॉच आणि पाण्याचा कॅन असतो.

मागच्या महिन्यात एका पोरीचा रिपोर्ट आला, एएस. तिची माय दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर हजर. डोक्यावर पदर, हातात तो कागद. "आता इला पळवू नको व बाई. घरी बसवतो."

मी म्हटलं, "काकी, माझाही एएसच आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. बाबूनं तिच्या पोरीला कॅनमधून पाणी दिलं आणि सांगितलं, दर दोन चकरांनंतर इथं यायचं, तहान लागो न लागो. पाय लुळे वाटले तर तिथंच बसायचं, लाजायचं नाही. मग त्यानं घड्याळ शून्यावर आणलं. काकी कागद घडी करून ओट्यावर बसल्या आणि पोरगी धावत सुटली.